पूर्णविराम कुणाचा?

नवी मुंबईत महापेच्या ज्या ऑफिसात मी इंग्रजी लेखांचं कॉपीएडिटिंग करते, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासून सुधारते, तिथे दिवसभरात सर्वांत जास्त हलवलं जाणारं चिन्ह म्हणजे अवतरणचिन्हाला लागून आलेला स्वल्पविराम. त्याच्या खालोखाल पूर्णविराम. सकाळी अमेरिकी जर्नलची फाइल असेल तर दोघांनाही अवतरणाच्या आत घ्यायचं. दुपारी ब्रिटिश जर्नलची आली की त्यांतल्या बऱ्याच जणांना पुन्हा बाहेर काढायचं. लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांपैकी फार थोड्यांचं तिकडे लक्ष जातं. माझं जातं, आणि ते जायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. कारण बाकीची बहुतेक विरामचिन्हं कुठे थांबायचं, काय विचारायचं, कशाला काय जोडायचं एवढंच सांगतात. शब्द कुणाच्या तोंडचे, कुठून कुठपर्यंत त्याचे आणि कुठून पुढे आपले, हे सांगायची जबाबदारी अवतरणचिन्हावर आहे.

नियम सांगते, कारण शाळेत तो आपल्याला अर्धाच शिकवतात. अमेरिकी पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम मिटत्या अवतरणचिन्हाच्या आतच जातात. अवतरणात अख्खं वाक्य असो, तीन शब्द असोत की एकच शब्द असो, फरक पडत नाही. अर्धविराम आणि अपूर्णविराम मात्र कायम बाहेर. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह अर्थ बघून द्यायचं. शी आस्क्ड, “आर यू कमिंग?” इथे विचारणारी ती आहे, म्हणून चिन्ह आत, तिच्याकडे. डिड शी से, “आय ॲम कमिंग”? इथे ती काही विचारत नाहीये, विचारतोय आपण. चिन्ह बाहेर, आपल्याकडे. दोघांचाही प्रश्न असेल तर चिन्हं दोन देत नाहीत, आतलं एक पुरतं.

ब्रिटिश पद्धत हाच न्याय पूर्णविरामाला आणि स्वल्पविरामालाही लावते. मूळ बोलणाऱ्याचं वाक्य तिथे संपलं असेल तर पूर्णविराम आत. आपण त्याचे दोन-चार शब्द उचलून आपल्या वाक्यात बसवले असतील तर पूर्णविराम बाहेर, कारण संपलंय ते आपलं वाक्य. शिवाय ब्रिटिश पुस्तकांत साधारणपणे बाहेर एकेरी आणि आतल्या अवतरणाला दुहेरी चिन्ह असतं, अमेरिकेत याच्या उलट. कथा-कादंबरीतल्या संवादात ‘ही सेड’च्या आधीचा स्वल्पविराम ब्रिटिशही आतच ठेवतात, त्यामुळे नुसत्या कादंबऱ्या वाचून हा फरक लक्षात येत नाही. तो लक्षात येतो तो निबंधात, बातमीत, संशोधनाच्या लेखात. म्हणजे जिथे दुसऱ्याचे शब्द पुरावा म्हणून येतात तिथे.

अमेरिकी पद्धतीच्या बाजूने मुख्य मुद्दा दिसण्याचा आहे. मिटत्या चिन्हाच्या पलीकडे पडलेला स्वल्पविराम सुटा, लोंबता दिसतो, ओळीत भोक पडल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे नियम सोपा, लिहिणाऱ्याला विचार करावा लागत नाही. ऑफिसात नवी मुलं रुजू झाली की त्यांना अमेरिकी नियम चहा संपायच्या आत समजतो. ब्रिटिश नियम शिकवताना दर वाक्याला मूळ मजकूर उघडून बघायला लावावं लागतं. मला तोच नियम जवळचा वाटतो, आणि नेमका याच कारणासाठी. तो मूळ मजकूर बघायला लावतो.

एक फाइल आठवते. रात्रपाळीच्या नर्सेसवरचा लेख होता, मुलाखतींवर आधारलेला, अमेरिकी जर्नलसाठी. लेखात एका नर्सचं वाक्य अवतरणात होतं: आय वॉज नॉट अफ्रेड ऑफ द पेशंट्स. पूर्णविराम आत, अवतरणचिन्ह बंद, पुढे लेखकांचं विवेचन सुरू. नियमाप्रमाणे काहीच चुकलेलं नव्हतं. मुलाखतींची टिपणं पुरवणी म्हणून जोडलेली होती, आणि अवतरणं मुळाशी ताडून बघणं हा आमच्या कामाचा भाग आहे, म्हणून मी ते पान उघडलं. नर्स तिथे थांबलीच नव्हती. पेशंटची भीती वाटत नव्हती, भीती वाटायची ती त्यांच्या नातेवाइकांची, असं ते एका दमात बोललेलं एक वाक्य होतं. ‘पेशंट्स’नंतर टिपणात स्वल्पविराम होता.

लेखकांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. उचललेला प्रत्येक शब्द तिचाच होता. फक्त तिचा स्वल्पविराम गेला आणि त्या जागी आलेला पूर्णविराम तिच्या नावावर चढला, कारण तो तिच्या अवतरणचिन्हांच्या आत बसला होता. वाचणाऱ्याला वाटणार की ही निर्भय बाई आहे. खरं म्हणजे ती घाबरलेली होती आणि कशाला घाबरते ते तिने नीट सांगितलं होतं. मी मार्जिनमध्ये लेखकांसाठी प्रश्न टाकला: मूळ वाक्य पुढे चालू आहे, पूर्ण घ्यायचं का? त्यांचं उत्तर आलं, पूर्ण घ्या, आणि पुढच्या परिच्छेदात त्यांनी स्वतःहून नातेवाइकांबद्दल दोन वाक्यं वाढवली. ब्रिटिश पद्धत असती तर हे आपोआप सुधारलं असतं असा माझा दावा नाही. ज्याला मूळ बघायचंच नाही तो कुठल्याही देशाच्या नियमात नीट लपतो. पण ब्रिटिश नियमात पूर्णविराम ठेवायच्या आधी लिहिणाऱ्याला एकदा थांबून विचारावं लागतं की ही इथे थांबली होती का. अमेरिकी नियमात तो प्रश्न उद्भवतच नाही.

अमेरिकेत ही अडचण कुणाला जाणवत नाही असंही नाही. तिथल्या कायद्याच्या लेखनात अवतरणाची शिस्त फार कडक आहे. निकालपत्रातल्या वाक्याचा शेवट गाळून उरलेला भाग पूर्ण वाक्य म्हणून दिला, तर गाळल्याची खूण म्हणून शेवटी टिंबं द्यावी लागतात. मधल्या वाक्याचं पहिलं अक्षर लहानाचं मोठं केलं तर ते अक्षर चौकटी कंसात टाकायचं, म्हणजे हा बदल आपला आहे हे दिसावं. एका अक्षराच्या आकाराचाही हिशेब! न्यायाधीशाच्या शब्दांना मिळणारी ही काळजी रात्रपाळीच्या नर्सच्या शब्दांना का मिळू नये, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी जमात कॉम्प्युटरवाल्यांची. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे असं सकाळी रोज जे लोक उतरतात, त्यांत निम्म्याहून जास्त गळ्यांत आयटी कंपनीचं ओळखपत्र असतं असं मला वाटतं. लेडीज डब्यात माझ्या शेजारी बसणारी एक जण सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. अमुक कमांड टाइप करा असं सांगताना कमांड अवतरणात आणि वाक्याचा पूर्णविराम अमेरिकी पद्धतीने आत गेला, की वाचणारा तो ठिपकासुद्धा टाइप करतो आणि कमांड चालत नाही. पासवर्डचंही तेच. म्हणून प्रोग्रॅमर मंडळी अमेरिकेत राहूनही फार पूर्वीपासून पूर्णविराम बाहेर ठेवत आली आहेत, आणि इंग्रजी विकिपीडियाही हीच पद्धत पाळतो. मशीनला दिलेले शब्द एका ठिपक्यानेही बिघडतात हे त्यांना रोज दिसतं, कारण मशीन लगेच तक्रार करतं.

त्याच मैत्रिणीने सांगितलेली आणखी एक गोष्ट. टाइपरायटरवर उघडत्या आणि मिटत्या अवतरणाला वेगळ्या कळा नव्हत्या, एकच सरळ उभं चिन्ह दोन्हीकडे वापरायचे. तेच पुढे कीबोर्डवर आलं. प्रोग्रॅमिंगला ती सरळ चिन्हंच लागतात, आणि वर्डसारखी सॉफ्टवेअर्स ती परस्पर वळणदार करून टाकतात. वर्डमधून उचललेली कमांड मग चालत नाही आणि का चालत नाही ते डोळ्यांना दिसतही नाही. मला उलट त्रास होतो. छापायच्या मजकुरात सरळ चिन्हं राहिली की उघडतं कुठलं आणि मिटतं कुठलं ते कळत नाही. लांबलचक परिच्छेदात एक चिन्ह द्यायचं राहिलं तर कोण कुठे बोलायचं थांबलं याचा पत्ताच लागत नाही.

वाद जुना आहे. अवतरणचिन्हाचा पूर्वज म्हणजे ग्रीक हस्तलिखितांच्या समासात काढलेली बाणाच्या टोकासारखी खूण, लक्ष देण्याजोग्या ओळींपुढची. छपाई आल्यावर तिच्या जागी समासात स्वल्पविराम आले, मग ते हळूहळू ओळीत शिरले, आणि अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांनी ते पात्रांच्या बोलण्याला लावले. फ्रेंचांनी कोनदार चिन्हं घेतली, जर्मनांनी उघडतं चिन्ह ओळीच्या तळाशी ठेवलं. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं त्याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, ऑक्सफर्डच्या विद्यापीठ छापखान्यात होरेस हार्ट यांनी आपल्या कंपॉझिटरांसाठी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्यांसाठी, नियमांची एक छोटी पुस्तिका छापली. तिचे वंशज आजही माझ्या टेबलावर आहेत. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने आपली नियमावली १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी विरामचिन्ह अर्थाप्रमाणे ठेवा असा आग्रह धरला तो त्याच वर्षी. गेली शंभरहून अधिक वर्षं दोन्ही बाजू आपापल्या जागी आहेत, आणि मधल्या लोकांना, म्हणजे महापे-तुर्भे-ऐरोलीच्या आमच्यासारख्यांना, दोन्ही पाठ असाव्या लागतात.

आपल्याकडे ही चिन्हं आली ती इंग्रजी अमलात. मोडीतल्या जुन्या पत्रांत शब्दसुद्धा तोडलेले नसायचे, विरामचिन्हं तर दूरच. मराठीला त्यांची ओळख करून दिली मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले हे सहकारी, इंग्रजी-मराठी कोशाचे कर्ते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० चं. मग त्याआधी आपण दुसऱ्याचं बोलणं कसं दाखवत होतो? वाक्यातच दाखवत होतो. ‘ऐसे बोलिले’, ‘म्हणोन’ असे शब्द बोलण्याच्या शेवटी यायचे आणि इथे त्याचं संपलं हे सांगायचे. आजही आपण ‘असं म्हणाला’, ‘म्हणून सांगितलं’ म्हणतो तेव्हा मिटतं अवतरणचिन्ह तोंडाने उच्चारतच असतो.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची गाडी अडते ती नेमकी इथे. माझी भाची दहावीला आहे, ठाण्यात आमच्या नौपाड्यातच राहते, आणि इंग्रजीच्या पेपरमधल्या डायरेक्ट-इनडायरेक्टसाठी माझ्याकडे येते. तिने वहीत लिहिलेलं वाक्य होतं: मदर सेड दॅट, “आय विल कम टुमॉरो.” हे वाक्य मी पीएचडी झालेल्या माणसांच्या लेखांतही बघते, जाहिरातींत बघते, सरकारी पत्रांत बघते. दॅट आलं की अवतरणचिन्ह नको आणि दॅटनंतरचा तो स्वल्पविरामही नको. अवतरणचिन्ह ठेवायचं तर दॅट काढायचं, एवढं सांगून मोकळं होता येतं. पण तिने तसं का लिहिलं ते बघायला हवं. मराठीत ‘आई म्हणाली की मी उद्या येईन’ हे शंभर टक्के बरोबर वाक्य आहे. ‘की’ लागल्यावरही आईचा ‘मी’ जसाच्या तसा राहतो, ‘उद्या’ही राहतो. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. इंग्रजी दॅट म्हटलं की तशी परवानगी देत नाही. मग आय जाऊन शी येते, विलचं वुड होतं, टुमॉरोचं द नेक्स्ट डे होतं, आणि सगळं वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडचं बनतं.

हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती वहीकडे बघत म्हणाली, “मावशी, पण मग आईचा ‘मी’ गेला कुठे?”

मी म्हटलं, “अवतरणचिन्हं काढलीस ना, त्यांच्याबरोबर गेला. आता बोलतेयस तू. आईने काय सांगितलं एवढंच तू सांगतेयस, तिचे शब्द नाही.”

“म्हणजे शब्द बदलले तरी चालतात?”

“इनडायरेक्टमध्ये चालतात, अर्थ बदलला नाही तर. अवतरणचिन्ह लावलंस की एकही नाही.”

तिने ‘दॅट’ खोडलं, अवतरण ठेवलं. मग त्याच्या खाली दुसरं वाक्य लिहिलं, दॅटचं, अवतरणाशिवाय. दोन्ही बरोबर होती. परीक्षेत एकच विचारतात.

अवतरणचिन्हांचा एक वापर मात्र मला अजिबात पटत नाही, आणि तो मराठी-इंग्रजी दोन्हीकडे बोकाळलाय. जोर द्यायचा म्हणून शब्दाला अवतरण. गोखले रोडवरून स्टेशनकडे चालत गेलं तरी पाट्यांवर “शुद्ध” तूप, “ताजं” पनीर दिसतं. एखाद्या शब्दावर जोर द्यायला किंवा त्याच्याकडे लक्ष वेधायला एकेरी चिन्ह चालतं असं मराठी व्याकरणाची पुस्तकं सांगतात, तिथूनच हे आलं असावं. पण इंग्रजीत शब्दाला असं चिन्ह लावलं की अर्थ होतो ‘तथाकथित’: हे शुद्ध आहे असं कुणीतरी म्हणतंय, मी म्हणत नाही. दुकानदाराला सांगायचं असतं ते आणि चिन्ह सांगतं ते यांत इतकं अंतर पडतं. ठळक अक्षरं आहेत, मोठी अक्षरं आहेत, लाल रंग आहे. ज्या चिन्हाचं काम ‘हे शब्द माझे नाहीत’ हे सांगणं आहे, ते स्वतःच्या मालाला कशाला लावायचं?

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट. नौपाड्यातल्या बहुतेक जुन्या इमारतींसारखी आमचीही पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डरच्या वकिलांना कागद इंग्रजीत लागतात, म्हणून सभेचं इतिवृत्त दोन्ही भाषांत ठेवायचं ठरलं. इंग्रजी मसुदा सेक्रेटरी काका करतात आणि बरेचदा माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवतात. यावेळी घाई होती, सभेच्या दिवशीच तो वाचला गेला. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, हा नेहमीचा पहिला विषय. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नावापुढे स्टेटेड दॅट होतं आणि मग अवतरणात आय हॅव नो ऑब्जेक्शन, पूर्णविरामासकट.

काकांनी ते वाचलं आणि त्याचं मराठी करून सांगितलं. आजी म्हणाल्या, “मी एवढंच नव्हते बोलले.”

“आजी, हरकत नाही असं तुम्हीच म्हणालात ना? सगळ्यांनी ऐकलंय.”

“म्हणाले. पण तिथे थांबले नव्हते. हरकत नाही, पण भाड्याचे चेक आधी हातात पडले पाहिजेत, असं म्हणाले होते.”

आजींच्या वाक्यातला ‘पण’ हे खरं तर त्यांचं सगळं म्हणणं होतं. मुलगा नाही, पेन्शन तुटपुंजी, घर रिकामं करून भाड्याने राहायचं तर दोन-तीन वर्षांचं भाडं हातात असल्याशिवाय त्या हलणार कशा? काकांचा हेतू वाईट होता असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी संमतीची यादी करताना संमतीपुरते शब्द उचलले. पण उचललेल्या तुकड्याच्या शेवटी पूर्णविराम पडला, तो अवतरणाच्या आत पडला, आणि कागदावर आजींची विनाअट संमती तयार झाली. उद्या हा कागद वकिलाच्या फाइलला लागला असता.

सभा झाल्यावर काका वही घेऊन माझ्याकडे आले. “तू सांग, याला काय करायचं? वाक्य पुढे वाढवून अवतरण तसंच ठेवू?”

मी म्हटलं, “काका, इंग्रजीत अवतरणचिन्हच नको. आजी इंग्रजीत बोलल्याच नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ही गोष्ट कामावरही पुन्हा पुन्हा सांगावी लागते. मराठी, कन्नड, भोजपुरी बोलणाऱ्या माणसांच्या मुलाखती इंग्रजीत करून अवतरणात छापतात आणि अनुवाद कुणाचा त्याचा उल्लेखही नसतो. अवतरणचिन्ह म्हणतं हे शब्द तिचे. तिचे शब्द तर भलतेच होते. भाषांतर आपण केलंय असं स्पष्ट लिहून अवतरण देता येतं, संशोधनात ते करावंच लागतं. सोसायटीच्या वहीत तेवढा व्याप कशाला? इंग्रजीत दॅट घालून, अवतरण न लावता, अट धरून संपूर्ण म्हणणं लिहायचं. ते काकांच्या शब्दांत असेल आणि तसंच दिसेल.

आणि मराठी इतिवृत्तात दुहेरी अवतरणात आजींचं वाक्य, त्या बोलल्या तसं. त्यासाठी काका आणि मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. आजींनी चहा टाकला. काकांनी पेन उघडून सांगितलं की तुम्ही बोला, मी लिहितो. आजी सावकाश बोलल्या, मध्ये एकदा थांबून ‘भाड्याचे’च्या आधी ‘पूर्ण मुदतीच्या’ घाला म्हणाल्या. काकांनी विचारलं, हे सभेत बोलला होतात का? आजींनी आठवून पाहिलं आणि नाही म्हणाल्या. मग ते अवतरणात घातलं नाही. पुढच्या सभेत मांडायचा मुद्दा म्हणून खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, आणि त्याखाली आजींनी सही केली.